आमच्या मंडळींना बरं नाही

हॅमवाल्यांचं, म्हणजे त्या हौशी वायरलेसवाल्यांचं, कौतुक पुरानंतर लय जणांनी केलं. पेपरात आलं, शाळेच्या भिंतीवर फोटो लागले. एक जण माझ्याकडंही आला, काका तुम्हीपण चार शब्द लिहून द्या म्हणाला. चार शब्दांत माझं भागत नाही, आणि कौतुक मला जमायचं नाही. ज्याला कौतुक वाचायचंय त्यानं शाळेची भिंत वाचावी.

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. माझी बायको पाटणच्या वरल्या डोंगरातली. तिचं माहेर उंचावर आणि सासर खोलात. नदी फुगायला लागली की ती दारात उभी राहून म्हणायची, "आलं बघा आमच्या म्हायेराकडचं माणूस." एवढी वर्षं ते माणूस खालच्या आळीपर्यंत यायचं आणि गुमान परत जायचं. त्या वर्षी परत गेलं नाही.

आधी मोबाईलवर सरकारी मेसेज यायचे. विसर्ग वाढवला, इतक्या क्युसेकनं वाढवला, सतर्क राहा. क्युसेक म्हणजे किती? ते माझ्या उंबऱ्याला लागणार का वळचणीला, तेवढं सांगायचं सोडून बाकी सगळं सांगायचे. मी शेजाऱ्याला विचारलं, त्यानं मास्तरला विचारलं, मास्तर म्हणाला, "लय पाणी असतंय ते." लय पाणी असतंय हे आम्हाला दिसत होतं. मग टॉवर बंद पडला आणि क्युसेकही बंद झालं.

खालची आळी बुडाली. माणसं गुरं सोडून वर आली. पाण्याच्या वर उरलं ते एवढंच: आमची वरची आळी, मारुतीचं देऊळ, त्याच्या पारावरचा पिंपळ आणि शाळा. चारी अंगाला तांबडं पाणी. आमच्या घराला पाणी लागलं नव्हतं, म्हणून सोप्यात खालच्या आळीची तीन कुटुंबं आणून बसवली होती. बायको सगळ्यांचं रांधत होती. तिला साखरेचा आजार, गोळ्या चालू. रांधता रांधताच भिंतीला टेकली आणि म्हणाली, "आवं, जरा मळमळाय लागलंय." मी म्हणालो, "दोन घास खा, बरं वाटंल." माझं वैद्यकीचं ज्ञान तेवढंच.

उलट्या सुरू झाल्या. एक दिवस गेला, दुसरा गेला. पाणी प्यायली की बाहेर. अंगाला घाम, तोही गार. गावातला डॉक्टर पाणी चढायच्या आधीच मोटरसायकल घेऊन निघून गेला होता. शहाणा माणूस.

तेवढ्यात शाळेत वायरलेसवाले आले असं कळलं. लष्कराच्या रबरी होडीतनं दोघं उतरले होते. एक पन्नाशीचा जाडजूड चष्मेवाला, बोलायला पुस्तकातल्यासारखा. दुसरा नुसता तारा ओढणारा, तोंड उघडायचा नाही. गाडीची बॅटरी, खोक्याएवढं यंत्र, आणि एक लांबच्या लांब तार. ती त्यांनी शाळेच्या झेंड्याच्या खांबापासून पिंपळाच्या फांदीपर्यंत ताणली. आमचा शेजारी खाली उभा राहून म्हणाला, "सायेब, धुणं वाळत घालाय दोरी बांधलीया व्हय? ऊन कुठं हाय पण?"

चष्मेवाला हसला. "यातून बोलता येतं काका. टॉवर लागत नाही, केबल लागत नाही. पार लांबच्या माणसाशी."

"सरकारी माणूस तुमी?"

"नाही, आम्ही हॅम. हौशी लोक. परवाना असतो, पगार नसतो."

"हौशीनं पुरात आलासा?" शेजाऱ्यानं कपाळाला हात लावला. "आमी हौशीनं जत्रंला जातो, मर्दा."

सगळे हसले. मीपण हसलो. घरात माणूस ओकत होतं आणि मी हसलो, हे लिहून ठेवतो.

रांग लागली. तो चष्मेवाला पाटावर बसल्यासारखा शाळेच्या छोट्या बाकावर बसलेला, पुढ्यात वही. ज्यानं त्यानं निरोप सांगायचा, तो लिहून घ्यायचा, मग यंत्रावर बोलायचा. माझ्या पुढं एक म्हातारी होती. तिनं लेकीला निरोप दिला की लोणच्याची बरणी फळीवर ठेवलीया, घाबरू नगंस. चष्मेवाला म्हणाला, "आजी, तुम्ही सुखरूप आहात एवढं सांगू का?" म्हातारी म्हणाली, "बरणीचं सांग. मग तिला कळतंय मी हाय ते." तेही त्यानं लिहिलं. माणूस वाईट नव्हता. तेच तर मला खुपतं. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

माझा नंबर आला. आता इथं नीट ऐका.

घरात मी बायकोला "अगं ए" म्हणायचो. चारचौघात "म्हातारी". पण समोर शिकलेला माणूस, त्याच्या तोंडापुढं माइक, भवताली निम्मं गाव. म्हातारी म्हटलं तर गावंढळ वाटेल. बायको म्हणायला जीभ उचलेना. नाव घ्यायचा तर प्रश्नच नाही. आमच्या वयाच्या माणसानं बायकोचं नाव लग्नातल्या उखाण्यात घेतलं ते घेतलं, नंतर रेशनकार्डावर लिहिलेलं असतं तेवढं. तेव्हा मी जरा मानाचा शब्द काढला, आणि भाषाही जरा सुधारली.

"आमच्या मंडळींना बरं नाही," मी म्हणालो.

"काय होतंय?"

"दोन दिवस उलट्या चालू आहेत. घाम येतोय. पाणीसुद्धा टिकत नाही पोटात."

"कुठं आहेत?"

"वरच्या आळीला. मारुतीच्या मागं, पिंपळापाशी."

"लहान मुलं आहेत का त्यांत?"

मला वाटलं, पोराबाळांची चौकशी करतोय. म्हणालो, "नाहीत. आता कसली लहान मुलं."

"म्हणजे सगळी वयस्करच?"

"वयस्करच की."

त्यानं लिहून घेतलं. मी म्हणालो, "होडी पाठवा म्हणावं. झोपवून न्यायला लागंल."

"सांगतो काका."

यंत्राच्या पलीकडनं बोलणारा माणूस कानडी मुलखातला होता, म्हणून हा त्याच्याशी इंग्रजीत बोलत होता. मी कान देऊन ऐकलं. मला इंग्रजी येत नाही. पण तरुणपणी ट्रकवर क्लीनर होतो, हिंदी मुलूख बघितलेला. तो सारखा "पीपल, पीपल" म्हणत होता. मी मनात म्हटलं, वा रे गड्या, खूण बरोबर सांगतोय. उत्तरेला पिंपळाला पीपलच म्हणतात. पलीकडनंही आवाज आला, "पीपल." मी मान डोलावली. शेजारी म्हणाला, "कळलं का रं तुला?" मी ऐटीत म्हणालो, "पिंपळाचं सांगतोय. होडी बरोबर पारापाशी लागंल."

चष्मेवाल्यानं अंगठा वर केला. "बरोबर पोचला निरोप काका. सकाळी मदत निघेल."

घरी आलो. तिला उशीला टेकवून बसवली होती. म्हणाली, "आला का तुमचा वायरलेस?"

"आलाय. सकाळी होडी येतीया."

"काय सांगितलासा?"

"सांगितलं, आमच्या मंडळींना बरं न्हाई."

ती हसली. त्या अवस्थेत हसली बाई. "मंडळी! आवं, एवढ्या वर्सांत घरात कवा मानानं बोलला न्हाईसा. मानानं बोलायला वायरलेस लागला व्हय?"

"गप पड. बोलू नगंस."

"बोलू द्या की. सारा मुलूख ऐकत आसंल, मंडळी आजारी हायत म्हणून." मग तिला परत उलटी आली.

सकाळी होडी आली. बरोबर पारापाशीच लागली. मी दोन माणसांना घेऊन बाज तयार ठेवली होती. होडीत बघतो तर बसायला जागा नाही. खोकीच खोकी. पुड्यांची खोकी, बाटल्यांची खोकी, पावडरची पोती. त्यातनं आरोग्य खात्याचा एक साहेब उतरला, तोंडाला फडकं, हातात कागद.

"पेशंट कुठं आहेत?"

"या, आत या."

आत आला, बघितलं. "बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"बाकीचे आजारी लोक. इथं उलट्यांची साथ आहे ना?"

"कसली साथ? ही एकच आजारी हाय."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं मी लपवतोय. "हे बघा आजोबा, घाबरू नका, कुणाला काही शिक्षा होणार नाही. किती जणांना त्रास आहे ते सांगा."

"एकीला! हिला! ही समोर पडलीया ती दिसत न्हाई व्हय तुमास्नी?"

"आवाज चढवू नका." तो सोप्यातल्या लोकांकडं वळला. "तुम्हाला होतायत उलट्या? जुलाब?" मग आळीतल्या घराघरांत हिंडला. शाळेत जाऊन खालच्या आळीच्या माणसांच्या डोळ्यांत बघितलं, जिभा बघितल्या. टाकीचं पाणी बाटलीत भरून घेतलं. त्याच्या माणसांनी आमच्या दारात पांढरी पावडर टाकली. मी त्याच्या मागं मागं. म्हणत होतो, सायेब, आधी हिला न्या. तर म्हणतो, जिथं साथीचा संशय आहे तिथला माणूस छावणीत न्यायचा नाही, हजारभर माणसं आहेत तिथं, वरनं विचारल्याशिवाय मी हलवू शकत नाही. म्हणालो, मग विचारा की. म्हणाला, विचारतो.

शाळेत जाऊन त्यानं विचारलंही. त्याच चष्मेवाल्याकडनं, त्याच यंत्रावरनं. उत्तर यायचं होतं.

तिला त्यांनी पुडी कालवून दिली. संत्र्याच्या वासाची. दोन घोट घेतले आणि म्हणाली, "लय ग्वाड हाय. मला साखर हाय म्हणून सांगा की त्यास्नी." मी सांगायला बाहेर गेलो. साहेब टाकीपाशी होता. त्याला हाक मारली आणि परत आलो, तर सोप्यातल्या बायका तिच्याभोवती गोळा झालेल्या. एक जण मला म्हणाली, "दाजी, आत येऊ नका जरा." त्यावरनं मला कळलं.

खोकी तोवर उतरवून झाली होती. होडी रिकामी. आता तिला झोपवून न्यायला भरपूर जागा होती, आणि नेली तशीच, झोपवून. कुंडलच्या अंगाला कोरडा खडकाळ माळ आहे, तिथं एकानं चितेला जागा दिली. लाकडं ओली, रॉकेल मिळेना. छावणीतल्या डॉक्टरणीनं तिला बघितलं होतं. ती म्हणाली, साखरेच्या माणसाला छातीतलं दुखणं असंच येतं, उलट्या आणि गार घाम. पोटाचं वाटतं, पण हृदयाचं असतं. कालच आणलं असतं तर, एवढं म्हणाली आणि थांबली. शिकलेली माणसं नेमकी तिथंच थांबतात.

पोरगा फौजेत, लांब वर सरहद्दीला. त्याला कळवायचं होतं. चष्मेवाल्यानं निरोप पाठवला, पोराच्या पलटणीला त्याच दिवशी पोचला. तिचं नाव, माझं नाव, गाव, तालुका, सगळं बरोबर. मेल्याचा निरोप मात्र एका अक्षरानं चुकला नाही.

तोवर मला त्या "मंडळी" शब्दाच्या घोळाचं काही कळलं नव्हतं. मी सगळा राग त्या फडकंवाल्या साहेबावर धरून होतो. साथ साथ करत आला आणि बाई मारली. त्याच्या वरच्यांना अर्ज लिहिला, दोन ठिकाणी जाऊन बसलो. पाणी ओसरलं, चिखल काढला. मग एक दिवस दुपारी चष्मेवाला दारात. हातात ती वही.

"काका, आत येऊ?"

"या. बसा. च्या घ्या." मला तोवर तो आपला माणूस वाटत होता.

तो बसला नाही. वही उघडून दाखवली. मराठीत त्यानं माझे शब्द जसेच्या तसे लिहिलेले, "मंडळींना बरं नाही." खाली त्याचं इंग्रजी. बोट ठेवून म्हणाला, "इथं मी पीपल म्हणालो."

"मग? पिंपळ."

"पीपल म्हणजे इंग्रजीत लोक, काका. बरेच लोक. मला वाटलं गावातली मंडळी. मंडळी म्हणजे तुमची... हे मला नंतर कळलं. साहेबांनी तो निरोप परत विचारला तेव्हा. मी लगेच दुरुस्ती पाठवली, पण तोपर्यंत..."

मी पायातली वहाण काढली. खोटं कशाला लिहू. काढली आणि उगारली. शेजाऱ्यानं मधे पडून हात धरला. म्हणाला, "आरं, घरी चालत आलाय त्यो. सांगायला आलाय. कुणी येतंय का असं?" मी म्हणालो, "सोड मला. सांगायला आलाय! पुस्तकातली भाषा बोलतोय आणि बायकोला काय म्हणत्यात ठावं न्हाई ह्याला? मराठी न्हाईस तू? तुझ्या बापानं तुझ्या आईला काय हाक मारली रं?"

तो म्हणाला, "नावानं."

मी वहाण परत पायात घातली.

मग तोच हळू आवाजात म्हणाला, "मी विचारलं होतं काका, लहान मुलं आहेत का त्यांत. तुम्ही म्हणालात, आता कसली. सगळी वयस्कर का विचारलं, तर म्हणालात, वयस्करच की."

"चालता हो," मी म्हणालो. तो गेला. चहा तसाच राहिला.

पोरगा रजेवर आला तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं त्या माणसाला शिव्या घालाव्यात म्हणून सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "दादा, आईचं नाव का न्हाई सांगितलं?"

"नाव?"

"नाव, वय, एक पेशंट. आमच्यात तसंच असतंय. नाव सांगितलं असतं की संपलं. एका नावाची साथ असती व्हय?"

मी त्याच्यावर ओरडलो. तू आलास का, तू कुठं होतास, दोन दिवस तुझी आई पडली होती तेव्हा तू कुठल्या बर्फात बसला होतास. तो उठून परड्यात गेला आणि लाकडं फोडत बसला. घरात गॅस आहे, लाकडं कशाला लागतात? पण फोडत बसला.

राग कुणावर करायचा? पाण्यावर केला. साहेबावर केला. चष्मेवाल्यावर केला, अजून करतो. आणि रोज सकाळी चूळ भरताना स्वतःवर करतो. जन्मभर ती माझ्या नावाचं कुंकू लावून फिरली, व्रतंवैकल्यं केली, आणि मला तिचं नाव एकदा, एका माणसासमोर, घ्यायला लाज वाटली. कसली लाज? कुणाची? निम्मं गाव मला उघडा नदीत पोहताना बघत आलंय, त्याची लाज वाटली नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या आधी ते वायरलेसवाले परत आले. शाळेत गावाला शिकवायला, निरोप कसा द्यायचा ते. यंत्र परवानेवाल्यानंच चालवायचं, पण निरोप तरी नीट सांगता आला पाहिजे म्हणून. सत्कारही त्याच दिवशी होता. सत्काराला मी गेलो नाही. हार, नारळ, भाषणं संपल्यावर गेलो.

त्यांनी आता छापील कागद केले होते. पहिलाच रकाना, आजारी माणसाचं पूर्ण नाव. दुसरा वय. तिसरा, किती जण. एकेकाला उठवून लुटुपुटीचा निरोप द्यायला सांगत होते. आमच्या वयाचा एक गडी उठला. त्याला म्हणाले, समजा तुमच्या पत्नी आजारी आहेत, सांगा. तो म्हणाला, "कारभारीण आजारी हाय."

"नाव?"

तो खाली बघून हसायला लागला. मागनं बायका फिदीफिदी. एक जण ओरडला, "उखाणा घे, उखाणा!"

मी उठलो. "हसतासा? हसतासा काय रं? घरात दिवसभर आईबापावरनं शिव्या घालतूस तिला, तवा जीभ अडखळत न्हाई. आणि नाव घ्यायला लाजतूस? घे नाव. घे, न्हाईतर हितनं हलू देणार न्हाई तुला."

चष्मेवाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली, पण मला थांबवलं नाही. त्या गड्यानं घेतलं नाव. रेशनकार्डावर असतं तसं, आधी आडनाव, मग नाव, मग स्वतःचं. त्याची बायको बायकांच्यात बसली होती. तिनं पदर तोंडावर घेतला, आणि हसली नाही.

मग एकामागनं एक उठवले. कुणी पुटपुटलं, कुणी पोराच्या कानात सांगून पोराला म्हणायला लावलं. त्याला मी परत म्हणायला लावलं, मोठ्यानं. एकाला तर नावच आठवेना. घरात नुसतं "पाटलीण" म्हणतात. त्याला मी काय म्हणालो ते इथं लिहीत नाही.

शेवटी चष्मेवाला कागद पुढं करून म्हणाला, "काका, तुम्ही?"

"मी कशाला?"

"सराव म्हणून."

"मी कुणाचं नाव सांगू? कुणाला न्यायला येणार हाय तुमची होडी?"

कागद तसाच धरून तो उभा राहिला. मागं अजून पाच-सहा जण रांगेत होते, टोप्या चाचपत, एकमेकाला ढकलत.

मी त्याला म्हणालो, "म्होरल्याला घ्या. ह्याची बायको जिती हाय."